विंध्यनच्या कोअरमध्ये काटेरी गोल सापडलाय, ओळखायला मदत हवी

शिलाकण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे भूशास्त्रातले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय प्रीकॅम्ब्रियन (म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कॅम्ब्रियन काळाच्याही आधीचे) सूक्ष्मजीवाश्म. सोन खोऱ्यातल्या सेमरी गटातल्या, म्हणजे विंध्यन खडकांच्या खालच्या भागातल्या, करड्या शेलच्या (चिखलापासून झालेला पापुद्र्यांचा खडक) कोअरचे, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडी दांड्याचे, ९ तुकडे मला मिळालेत, साधारण १८० ते २१० मीटर खोलीचे. पद्धत नेहमीचीच, तुकडे बारीक केले, आधी हायड्रोक्लोरिक, मग हायड्रोफ्लोरिक, भरपूर धुतलं, १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीतून गाळलं आणि राहिलेला गाळ ग्लिसरीन जेलीत स्लाइडवर बसवला.

स्लाइडवर बरंचसं आकार नसलेलं तपकिरी सेंद्रिय द्रव्य आहे, मग गुळगुळीत तपकिरी गोल आहेत (आतापर्यंत ४२ मोजले, ३५ ते ११० मायक्रॉन), काही साधे धागे आहेत. आणि दोन स्लाइडवर मिळून ५ कण असे आहेत की बघितल्यापासून दोन रात्री झोप नाही. गोल, सगळीकडून काटे, रंग स्वच्छ पिवळा, भिंत एकदम नीट राहिलेली. टप्पानिया (फाटे फुटलेला एक फार जुना सूक्ष्मजीवाश्म) असेल का? सेमरीतून काटेरी ॲक्रिटार्कची नोंद आहे हे वाचलंय. गाइड बाहेरगावी आहेत, दहा दिवसांनी येतील. फोटो मोबाइलने काढलेत, फार काही दिसत नाही त्यात, म्हणून वर्णनच देतेय.

खडकवेडा

अभिनंदन आधी, कारण सेमरीच्या शेलमधून ४२ गोल मिळणं हेही कमी नाही. मी आयुष्यभर तेलाच्या विहिरींच्या कोअरवर पॅलिनॉलॉजी, म्हणजे परागकण आणि तसल्या सूक्ष्म कोशांचा अभ्यास, केली, आता निवृत्त आहे. अगं-तुगं चालेल ना?

टप्पानियाचं नाव घ्यायच्या आधी मला हे सांग. काट्यांसकट आणि काट्यांशिवाय व्यास किती? काटे सगळे एका लांबीचे आणि सारख्या अंतरावर आहेत की कुठे दोन कुठे चार असे? काटा आतून पोकळ आणि पोकळी कोशाच्या आतल्या पोकळीला मिळालेली, का नुसता भिंतीवर बसलेला? भिंतीला छिद्रं किंवा चिरा आहेत का, असतील तर किती? कण चपटा झालाय का, घड्या पडल्यात का, की अजून चेंडूसारखा फुगीर आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारचे गोल तपकिरी असताना हा एकटाच पिवळा का?

उत्सुक_वाचक

मी कॉमर्सवाला, पण धागा वाचून थांबलो. दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या एकपेशीय जीवाची भिंत दगडात टिकते कशी? आणि ॲसिडात दगड विरघळतो तर ती का विरघळत नाही? आणि ॲक्रिटार्क म्हणजे काय?

वर्धाकाठ

उत्सुक, सगळे जीव नाही टिकत, लाखातला एखादा टिकत असेल. काही एकपेशीय जीव वाईट दिवसांत स्वतःभोवती कोश करतात, त्याची भिंत अशा चिवट सेंद्रिय पदार्थाची असते की बॅक्टेरिया तिला सहजी खाऊ शकत नाहीत. असा कोश समुद्रतळाच्या बारीक चिखलात पटकन गाडला गेला, तिथे ऑक्सिजन नसला आणि पुढे खडक फार तापला नाही तर ती भिंत चपटी होऊन राहते, वहीत दाबून ठेवलेल्या पिंपळपानासारखी. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सिलिकेट खातं म्हणजे चिकणमाती, वाळू सगळं, पण या कार्बनी भिंतीला हात लावत नाही. म्हणून दगड जातो आणि जीवाश्म उरतो.

ॲक्रिटार्क हा शब्द १९६३ मध्ये विल्यम एव्हिट यांनी काढला. ग्रीक मुळाचा आहे, अर्थ साधारण 'उगम अनिश्चित'. म्हणजे सेंद्रिय भिंतीचा सूक्ष्म कोश आहे हे नक्की, पण कुठल्या जीवाचा ते सांगता येत नाही, असे सगळे त्या पेटीत टाकायचे. काही शेवाळांचे असतील, काही आणखी कशाचे. पुढे कळलं तर पेटीतून काढायचे. एक प्रामाणिक नाव आहे ते, मला फार आवडतं.

मी स्वतः चंद्रपूर-वणी बाजूच्या कोळशाच्या कोअरवर काम करतो, तिथे काम तुलनेने सोपं. पर्मियन काळ, दोन पंखांचे परागकण, स्ट्रायटोपोडोकार्पाइटिस दिसला, श्युरिंगिपोलेनाइटिस दिसला की खडक कुठल्या पायरीवरचा याचा अंदाज येतो. प्रीकॅम्ब्रियनमध्ये बहुतेक वेळा हातात साधा गोल असतो आणि गोलाला सांगण्यासारखं फार काही नसतं.

शिलाकण

काका, चालेल, तूच म्हणा. आज परत मोजलं. काट्यांसकट १७ ते १९ मायक्रॉन, पाचही कण जवळजवळ एकाच मापाचे. काटे आखूड, टोकदार, सगळीकडे सारख्या अंतरावर. पोकळ आहेत की नाही कळत नाही. कण फुगीर आहे, फोकस वरखाली केला की गोलाई जाणवते, घड्या नाहीत. एका कणात तीन ठिकाणी भिंत फिकट दिसते, १२० अंशावर म्हणता येईल अशी. रंगाचं उत्तर माझ्याकडे नाही. आत काहीतरी दाणेदार भरलेलं आहे.

लिहिता लिहिता मलाच वाटायला लागलंय काहीतरी चुकतंय.

दूरदेशी

पर्थहून लिहितोय, इथे कोअर लायब्ररीत माझं येणंजाणं असतं. ताई, टप्पानिया नाही हे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या रोपर गटातून ज्याव्हो, नॉल आणि वॉल्टर यांनी २००१ मध्ये टप्पानिया प्लाना दाखवला, जवळपास दीडशे कोटी वर्षांचा खडक. त्याचे फाटे कसेही, कुठेही फुटलेले असतात, काही लांब काही आखूड, एखादा दुभंगलेला, आतून पोकळ आणि कोशाच्या पोकळीला जोडलेले, शिवाय कधी एका टोकाला मानेसारखा फुगवटा. हा नियम नसलेला पसाराच त्याची ओळख आहे, त्यावरूनच तर म्हणतात की पेशीला आपला आकार आतून बदलता येत होता, म्हणजे आत सांगाडा होता, म्हणजे युकॅरिओट (केंद्रक असलेल्या पेशीचा जीव). सारख्या अंतरावरचे आखूड काटे आणि तीन खिडक्या हे वर्णन त्याच्याशी कुठेच जुळत नाही.

भारतात टप्पानिया आहे, शंका नको. गंगेच्या मैदानाखाली खोल विहिरी खणल्या त्यांतल्या बहराइच गटातून प्रसाद आणि आशेर यांनी त्याची नोंद २००१ मध्येच केली. म्हणजे तुम्ही शोधताय ती गोष्ट चुकीच्या ठिकाणी शोधत नाही आहात.

खडकवेडा

तीन छिद्रं, सारखे काटे, १८ मायक्रॉन, आत पेशीद्रव्य, फुगीर, पिवळा. पोरी, हा सूर्यफूल कुळातला परागकण आहे. पुण्यात जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवून काम करतेस ना? माझी पैज गाजर गवतावर. हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, आणि आज पावसाळ्यात या शहरातला कुठलाही मोकळा प्लॉट बघ.

वाईट वाटून घेऊ नकोस, नीट ऐक. ॲसिडातून वाचला म्हणून तो जुना, असा हिशेब मनात होत असतो आपल्या. पण परागकणाची भिंतही तशीच चिवट, कालचा परागकणही हायड्रोफ्लोरिकमधून धडधाकट बाहेर येतो. ॲसिड फक्त एवढंच सांगतं की भिंत सेंद्रिय आहे. वय ते सांगत नाही.

वय सांगतो रंग, निदान पहिली साक्ष त्याची. सेंद्रिय भिंत खडकात तापत जाते तशी पिवळी, मग नारिंगी, मग तपकिरी, मग काळी होते आणि मागे फिरत नाही. एकाच सेंटिमीटर शेलमधले दोन कण एकाच आचेवर शिजलेले असणार, मग एक कॉफीसारखा आणि एक हळदीसारखा कसा? मात्र भिंतीची जाडीही बघायची, पातळ भिंत नेहमी फिकट दिसते आणि जाड गडद, त्यामुळे तपकिरीत थोडा फरक चालतो, पण हळदी पिवळा चालत नाही. उलटही होतं, जुना खडक झिजून त्यातला जीवाश्म नव्या गाळात येऊन पडतो, तो आजूबाजूच्यांपेक्षा गडद दिसतो. फिकट दिसला तर बाहेरचा पाहुणा, गडद दिसला तर आधीच्या पिढीतला, असं मी नवीन मुलांना सांगायचो.

तुमच्या विभागात फ्लुओरेसन्सचा मायक्रोस्कोप असेल. निळ्या किंवा अतिनील प्रकाशात ताजा परागकण झगमगतो, इतका तापलेला जीवाश्म अंधारात राहतो. दहा मिनिटांचं काम.

रसायन_ताई

प्रयोगशाळेच्या बाजूने बोलते. शिलाकण, तू ब्लँक चालवला होतास का? म्हणजे ज्यात जीवाश्म असणं शक्यच नाही असा दगड, त्याच भांड्यांत, त्याच ॲसिडात, त्याच पाण्यात, त्याच दिवशी. महाराष्ट्रात याच्यासाठी बेसाल्टसारखी सोय नाही, लाव्हात परागकण कुठून येणार. फक्त ताजा घट्ट दगड घे, वरची झिजलेली साल काढून टाक, कारण तिच्यावर आणि तिच्या भेगांत आजचं सगळं चिकटलेलं असतं. ब्लँकमध्ये काटेरी गोल आला की प्रश्न मिटला, तो लॅबचाच.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी अगदी कळकळीने. हायड्रोफ्लोरिक ॲसिड घरी किंवा शाळेच्या लॅबमध्ये कुणीही आणू नये. ते काच खातं म्हणून प्लॅस्टिकची भांडी लागतात हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण त्वचेवर पडलं तर कधी कधी लगेच दुखतही नाही, आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि जीव जाऊ शकतो. फ्यूम हूड, जाड हातमोजे, एप्रन, तोंडावर शील्ड, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि खोलीत दुसरं माणूस, यातलं एक जरी नसेल तर बाटली उघडायची नाही.

आधी हायड्रोक्लोरिक घातलंस हे बरोबर केलंस. चुनखडीचा अंश राहिला आणि त्यावर हायड्रोफ्लोरिक गेलं तर कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं, त्याच्या बारीक स्फटिकांनी स्लाइड भरते आणि काही स्फटिक चिकटून असे दिसतात की नवखा माणूस नक्षीदार भिंत समजतो.

वर्धाकाठ

पायराइटचीही आठवण करून देतो. शेलमध्ये पायराइटचे दाणे भिंतीत रुतून वाढतात, पुढे निघून गेले की तिथे खळगे राहतात, कधी अगदी जाळीसारखे. ती जीवाची नक्षी नव्हे. खळगे कोनदार असतील आणि एकाच जातीच्या सगळ्या नमुन्यांवर नसतील तर संशय घ्यायचा.

आणि कोअर म्हणजे शुद्ध असा समज नको. ड्रिलिंगच्या चिखलात बेंटोनाइट असतं, ते स्वतः जमिनीतून काढलेली माती, काही ठिकाणी लिग्नाइट घालतात, त्यात तर परागकण ठासून भरलेले. हा चिखल दाबाखाली कोअरच्या भेगांत शिरतो. कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर येणारा दगडाचा चुरा) असतील तर आणखी कठीण, वरच्या थराचे तुकडे ढासळून खालच्यात मिसळतात. म्हणून कोअरचा बाहेरचा भाग कापून टाकायचा, फक्त गाभा घ्यायचा, भेग असलेला तुकडा घ्यायचाच नाही. तरीही उघड्यावरच्या दगडापेक्षा कोअर केव्हाही बरा, कारण पृष्ठभागाजवळ हवा-पाण्याने सेंद्रिय द्रव्य जळून गेलेलं असतं.

शिलाकण

ब्लँक चालवला नव्हता. लिहायला जड जातंय पण खरं तेच. कोअरची साल ब्रशने धुतली होती, कापली नव्हती. फ्लुओरेसन्स आज बघितला, पाचही कण पिवळसर हिरवे चमकतात, तपकिरी गोल एकही नाही.

पण मग मला सांगा, असं प्रत्येक वेगळं दिसणारं आपण बाहेरचं म्हणून फेकत राहिलो तर खरंच नवीन सापडेल तेव्हा?

खडकवेडा

हा प्रश्न फार चांगला आहे आणि याची दोन्ही बाजूंची उदाहरणं आपल्याच उपखंडात आहेत.

एक, पंजाबातल्या सॉल्ट रेंजचं मीठ. १९४० च्या दशकात बिरबल साहनींनी खेवड्याच्या त्या थरांतून लाकडाचे, वनस्पतींचे सूक्ष्म तुकडे काढले आणि म्हणाले हे थर इओसीन, म्हणजे पाचेक कोटी वर्षांचे. क्षेत्रात हिंडणारे भूशास्त्रज्ञ म्हणत होते की हे थर कॅम्ब्रियनच्या खाली आहेत. मोठमोठ्या परिषदा झाल्या त्यावर. साहनी हे हलगर्जी माणूस नव्हते, दूषितपणाचा मुद्दा त्यांनी स्वतः तपासला होता, काळजी घेतली होती. तरी आज मीठ कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचं किंवा त्याच्याही थोडं आधीचं मानतात, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपेक्षा जुनं, आणि ते तुकडे नंतर आत आलेले. एवढ्या मोठ्या माणसाला जिथे फसायला झालं तिथे आपण ब्रशने धुऊन निश्चिंत राहू शकत नाही.

दुसरं उदाहरण नेमकं विंध्यनचं. १९९८ मध्ये रफत आझमींनी विंध्यनच्या चुनखडीतून सूक्ष्म कवचांसारखे जीवाश्म जाहीर केले, त्यांच्या मते ते कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचे. खूप वादळ उठलं, जीवाश्मांवरच अविश्वास झाला. २००२ मध्ये सेमरीतल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांमधल्या झिरकॉन या खनिजावरून वय आलं सुमारे १६३ कोटी, म्हणजे कॅम्ब्रियनचा प्रश्नच संपला. पण २००९ मध्ये बेंग्टसन आणि त्यांचे सहकारी चित्रकूटच्या फॉस्फोराइटमधून (फॉस्फेटचा खडक) तसेच जीवाश्म परत घेऊन आले, खडकाच्या आत बसलेले, त्या फॉस्फोराइटचं वय सुमारे १६५ कोटी. २०१७ मध्ये त्यांतल्याच एका लाल शेवाळासारख्या धाग्याला नाव दिलं रफातआझमिया चित्रकूटेन्सिस. म्हणजे वय चुकलं होतं, जीवाश्म खरे होते.

दोन्हीकडे निकाल एकाच गोष्टीने लागला, वस्तू त्या खडकाच्या आत, त्याच खडकाबरोबर घडलेली आहे का. म्हणून पातळ छेद कर, म्हणजे दगडाची प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती. थराला समांतर एक आणि थराला आडवा, म्हणजे काटकोनात, एक. समांतर छेदात तुझे गोल वर्तुळासारखे दिसायला हवेत, आडव्या छेदात रेघेसारखे चपटे आणि चिकणमातीचे पापुद्रे त्यांच्याभोवती वाकलेले. असा एक जरी दिसला तरी तो बाहेरून आला असं कुणी म्हणू शकत नाही. ॲसिडची स्लाइड सुंदर दिसते पण जागेची साक्ष ती पुसून टाकते.

दूरदेशी

काकांच्या सांगण्यात एक भर. रामन स्पेक्ट्रोस्कोपी मिळत असेल तर गोलाच्या भिंतीचा आणि आजूबाजूच्या केरोजेनचा (खडकातलं न विरघळणारं सेंद्रिय द्रव्य) स्पेक्ट्रम शेजारी शेजारी घ्या, १३५० आणि १६०० च्या आसपासचे दोन उंचवटे जुळले तर दोघं एकत्र शिजलेत.

आणि तुम्ही पाच पिवळ्या कणांमागे लागून त्या ४२ तपकिरी गोलांकडे दुर्लक्ष करताय असं मला वाटतं. इथे ऑस्ट्रेलियात एडिएकरन काळाच्या (कॅम्ब्रियनच्या लगेच आधीचा काळ) कोअरमध्ये खाली नुसते गुळगुळीत गोल आणि वर मोठे काटेरी ॲक्रिटार्क, मध्ये अक्रामनच्या उल्कापाताच्या धुरळ्याचा पातळ थर, हा सगळा क्रम केवळ गोल चिकाटीने मोजल्यामुळे दिसला. गुळगुळीत गोलही माहिती देतात.

नावं देताना जपून. लायोस्फेरिडिआच्या (अशा गुळगुळीत गोलांना दिलेलं नाव) चार जाती प्रामुख्याने मापावर आणि भिंतीच्या जाडीवर ठरवलेल्या आहेत, ७० मायक्रॉनची रेघ. पातळ भिंत आणि ७० च्या आत तर मिनुटिसिमा, पातळ आणि वर तर टेनुइसिमा, जाड आणि आत तर क्रासा, जाड आणि वर तर जाकुटिका. ही सोयीची नावं, जीवशास्त्रातली जात नव्हे. आधी सगळ्या व्यासांचा आलेख काढा, ७० वर खरंच दरी आहे का ते बघा, सलग उतार असेल तर तो एकच समूह असू शकतो.

पुढच्या वेळी तुकडे पावडरीसारखे बारीक करू नका, काही मिलिमीटरचे ठेवा. सेंट्रिफ्यूज आणि ऑक्सिडेशन शक्य तितकं टाळा. मोठे कोश त्यातच फाटतात आणि मग आपण म्हणतो की या खडकात मोठे नव्हतेच.

शिलाकण

(अकरा दिवसांनी)

उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

ब्लँक केला. बेसाल्टचा गाभा, तीच भांडी, तीच खिडकी. एका स्लाइडवर ३ काटेरी पिवळे कण, हुबेहूब तेच. मग खालच्या मैदानातून गाजर गवताची फुलं आणून परागकण स्लाइडवर ठेवले, शेजारी शेजारी बघितले. तेच आहेत, मनात काही राहिलं नाही. गाइड परत आले, त्यांना सगळं दाखवलं, ते म्हणाले प्रबंधात ब्लँकचा तक्ता आणि हे फोटो दोन्ही घाल.

दुसऱ्या बॅचला कोअरची साल करवतीने काढली, खिडकी बंद, तुकडे मोठे ठेवले. पिवळा कण एकही नाही. तपकिरी गोल आता १३६ झालेत आणि सगळ्यात मोठा २१० मायक्रॉनचा, फाटलेला नाही, घडी पडलेला. आलेखात ७० ला दरी नाही, म्हणून सध्या सगळे लायोस्फेरिडिआ एवढंच लिहितेय.

आडव्या छेदात चार गोल चपटे दिसले, पापुद्रे भोवती वाकलेले. ते बघताना हात थरथरत होता माझा, खरंच. १६० कोटी वर्षांपूर्वी ज्या चिखलात पडला तिथेच आहे तो.

आणि अजून एक. १८३.४० मीटरच्या तुकड्यात दोन गोलांवर ऑइल इमर्शनखाली अतिशय बारीक समकेंद्री रेघा दिसतात, अंतर मायक्रॉनच्या आसपास. फोकस बदलला तरी रेघा त्याच जागी, घड्या या रेघांना आडव्या छेदून जातात. मी नाव घेत नाहीये.

दूरदेशी

नाव मीही घेत नाही, पण व्हॅलेरिया लोफोस्ट्रायाटा या समकेंद्री रेघांच्या जुन्या कोशाचं वर्णन उघडून शेजारी ठेवा. ऑस्ट्रेलियात मॅलापुन्याह फॉर्मेशनमध्ये तो सुमारे १६५ कोटी वर्षांपर्यंत मागे जातो, म्हणजे काळाच्या हिशेबाने अशक्य नाही. रेघा भिंतीच्या आतल्या बाजूला आहेत की बाहेरच्या, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघायला हवं. व्हॅलेरियात त्या आतल्या बाजूला असतात.

रसायन_ताई

घड्या रेघांना छेदतात हे तू नोंदवलंस, म्हणजे रेघा दाबल्या जाण्याच्या आधीच्या. छान बघितलंस.

उत्सुक_वाचक

मी अकरा दिवस रोज हा धागा उघडून बघत होतो.

खडकवेडा

दोन्ही गोलांचा स्लाइड क्रमांक आणि इंग्लंड फाइंडरचे (स्लाइडवरची नेमकी जागा सांगणारी आखीव काच) आकडे आजच वहीत लिही, उद्या नाही. जेली सुकली, स्लाइड हलली की तोच गोल परत सापडत नाही, माझे असे दोन गेलेत. आणि १८३.४० चा उरलेला अर्धा तुकडा ॲसिडात टाकू नकोस, तो पिशवीत घालून, वरची बाजू कुठली याचा बाण काढून, कुलपात ठेव.

शिलाकण

आकडे लिहिले काका. बाणही काढला.